जेनिफर मरे आणि हेलिकॉप्टरने पृथ्वीप्रदक्षिणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेनिफर मरे कोण?

जेनिफर मरे या अमेरिकेत जन्मलेल्या ब्रिटिश वैमानिक. त्यांचा जन्म १९४० सालचा. कापडावरील नक्षीकाम आणि चित्रकला हे त्यांचे मूळ क्षेत्र. आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी हाँगकाँगमध्ये काढली आणि तीन मुलांना वाढवले. हेलिकॉप्टरशी त्यांचा संबंध आला तो पन्नाशी उलटल्यावर. हेलिकॉप्टर चालवत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून १९९७ साली त्यांची नोंद झाली. २००० साली त्यांनी हीच प्रदक्षिणा एकटीने केली, आणि २००७ साली सहवैमानिकासह दोन्ही ध्रुवांवरून जाणारी प्रदक्षिणा पूर्ण केली. तिसरी कामगिरी स्त्री-पुरुष हा भेद बाजूला ठेवूनही पहिलीच होती. त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात हा मुद्दा ओझरता येतो, ही आश्चर्याचीच गोष्ट म्हणायची.

त्या उडायला शिकल्या तरी कशा?

कारण अगदी घरगुती होते. त्यांचे पती सायमन मरे यांनी एका हेलिकॉप्टरमध्ये अर्धी मालकी घेतली, पण ते चालवायला शिकण्याइतकी सवड त्यांना मिळेना. यंत्र हाताशी होते आणि चालवणारे कोणी नव्हते, तेव्हा जेनिफर यांनी स्वतःच शिकायचे ठरवले. १९९४ साली, वयाच्या ५४व्या वर्षी, त्यांचे प्रशिक्षण झाले आणि तीनच वर्षांनी त्या जगप्रदक्षिणेला निघाल्या. त्यांची बालपणापासूनची जिद्द आणि विमानांचे वेड यांच्या कथा शोधणाऱ्यांची येथे निराशा होते. माझ्या मते त्यांच्या चरित्राचे वेगळेपण नेमके येथेच आहे, कारण या विक्रमामागे कोणतेही लहानपणीचे स्वप्न उभे करावे लागत नाही.

त्यांच्या नावावर नेमके कोणते विक्रम आहेत?

तीन मोहिमा वेगळ्या ओळखल्या की गोंधळ होत नाही. पहिली १९९७ सालची. रॉबिन्सन आर-४४ या हेलिकॉप्टरमधून, क्वेंटिन स्मिथ या सहवैमानिकासह, ९७ दिवसांत पूर्वेकडे जात पृथ्वीला फेरी घालून त्या इंग्लंडला परतल्या, आणि पन्नास हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापले गेले. दुसरी २००० सालची. ३१ मे रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या ब्रुकलँड्स येथून निघून ६ सप्टेंबर रोजी त्या तेथेच उतरल्या. ९९ दिवस, सुमारे ३० देश, पुन्हा आर-४४, आणि या वेळी कॉकपिटमध्ये दुसरे कोणीही नाही, स्वयंचालन यंत्रणाही (ऑटोपायलट) नाही. तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या. तिसरी ५ डिसेंबर २००६ ते २३ मे २००७ या काळातली. बेल ४०७ हेलिकॉप्टर, सोबत सहवैमानिक कॉलिन बोडिल, सुरुवात आणि शेवट अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ येथे, आणि मार्गात दक्षिण व उत्तर असे दोन्ही ध्रुव. नोंदलेला वेळ १७० दिवस, २२ तास, ४७ मिनिटे आणि १७ सेकंद असा आहे.

या तिन्हींच्या मध्ये २००३ सालची एक अपुरी मोहीम आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हेलिकॉप्टरने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या त्या पहिल्याच का?

नाही. हेलिकॉप्टरने पहिली प्रदक्षिणा १९८२ साली रॉस पेरो (धाकटे) आणि जे कोबर्न या दोघा अमेरिकनांनी केली. बेल लाँगरेंजर हेलिकॉप्टरमधून सप्टेंबर महिन्यात त्यांनी ती २९ दिवसांत संपवली. त्याच सुमारास निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या डिक स्मिथ यांनी १९८३ साली पहिली एकट्याची प्रदक्षिणा पूर्ण केली.

या जुन्या मोहिमांतील एक तपशील मरे यांचे यश समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. १९८२ साली सोव्हिएत संघाने पेरो आणि कोबर्न यांना आपल्या हद्दीतून जाण्याची परवानगी दिली नाही. उत्तर पॅसिफिक महासागर एका दमात ओलांडण्याइतके इंधन त्या हेलिकॉप्टरमध्ये मावत नव्हते. म्हणून समुद्रात ठरलेल्या ठिकाणी एक मालवाहू जहाज गाठून त्याच्या डेकवर उतरायचे, इंधन भरायचे आणि पुढे निघायचे, अशी व्यवस्था करावी लागली. हलणाऱ्या डेकवर उतरणे हे निष्णात वैमानिकाच्याही कौशल्याची परीक्षा घेणारे काम आहे, आणि जहाज भाड्याने उभे करणे हे कोणाच्याही खिशाला परवडणारे नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियाच्या अतिपूर्वेकडील विमानतळ परवानगी घेऊन वापरता येऊ लागले आणि बेरिंग सामुद्रधुनी हा प्रदक्षिणेचा स्वाभाविक रस्ता झाला. ही सामुद्रधुनी जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे तिची रुंदी सुमारे ८५ किलोमीटर भरते. चार आसनी पिस्टन इंजिनाच्या हेलिकॉप्टरने जग फिरून येण्याचा विचार नव्वदच्या दशकात कोणी करू शकले, त्यामागे राजकारणातला हा बदल होता.

अर्थात परवानगी शक्य झाली म्हणजे ती सहज मिळू लागली असे नव्हे. प्रत्येक देशाची हवाई परवानगी, उतरण्याची परवानगी, सीमाशुल्क, विमा आणि व्हिसा यांचे कागद महिनोनमहिने आधी तयार करावे लागतात, आणि खराब हवामानामुळे दोन दिवस खोळंबा झाला की पुढच्या देशाने दिलेल्या तारखा उलटून जातात. अशा मोहिमांचा सर्वांत कंटाळवाणा आणि निर्णायक भाग कागदपत्रांचाच असतो, पण छायाचित्रांत तो येत नाही.

१९९७ साली सोबत सहवैमानिक होता, मग विक्रम त्यांचा कसा?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरळ आहे. क्वेंटिन स्मिथ हे अनुभवी प्रशिक्षक होते, हेलिकॉप्टरच्या जागतिक स्पर्धांत मुक्त कसरतींचे विजेतेपद मिळवलेले वैमानिक होते, आणि त्यांच्या अनुभवाशिवाय ती मोहीम झाली नसती. विक्रमाची नोंद ‘हेलिकॉप्टर चालवत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री’ अशी आहे. ‘एकटीने’ हा शब्द त्यात नाही. तो शब्द मिळवण्यासाठीच मरे यांनी तीन वर्षांनी तीच वाट पुन्हा धरली. सोबत इतका तरबेज माणूस असताना खरे उड्डाण कोणी केले, ही शंका घेणारे तेव्हाही होते, आणि २००० सालच्या उड्डाणानंतर त्या शंकेला जागा उरली नाही.

एकटीने आणि स्वयंचालन यंत्रणेशिवाय, यात एवढे विशेष काय?

तिन्ही विक्रमांपैकी सर्वांत कठीण कोणता, असे विचारले तर मी २००० सालचा म्हणेन, आणि त्याचे कारण या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

साधे विमान स्वभावतः स्थिर असते. समतोल साधून हात सोडले तर ते काही काळ आपल्या वाटेने जात राहते. हेलिकॉप्टरचे तसे नसते. वैमानिकाच्या उजव्या हातात सायक्लिक असतो, जो रोटरचा, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांचा, कल बदलून यंत्राला पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे नेतो. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह असतो, जो सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी बदलून चढ-उतार घडवतो. शेपटीचा रोटर दोन्ही पायांखालच्या पेडलांनी सांभाळायचा असतो. यांपैकी एकात बदल केला की उरलेल्या दोन्हींत भरपाई करावी लागते. सायक्लिक सोडला तर काही क्षणांतच यंत्र कलू लागते, म्हणून स्वयंचालन यंत्रणा नसलेल्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये उजवा हात उड्डाण संपेपर्यंत तिथेच राहतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की नकाशा उलगडणे, रेडिओची वारंवारता बदलणे, पुढच्या विमानतळाचा हवामान अहवाल टिपून घेणे, इंधनाचा हिशेब करणे, पाण्याची बाटली उघडणे, अंगातला सर्व्हायव्हल सूट (थंड पाण्यात पडल्यास जीव वाचवणारा पोशाख) सैल करणे ही सगळी कामे एकट्या डाव्या हाताने करावी लागतात, आणि तीही नजर बाहेर ठेवून. आर-४४ मध्ये सायक्लिक दोन्ही आसनांच्या मधोमध उभा असतो आणि त्यावर इंग्रजी टी अक्षरासारखा आडवा दांडा असतो, जो वैमानिकाच्या बाजूला झुकवून घेता येतो. दुसरा वैमानिक असेल तर तो दांडा आपल्याकडे ओढून घेतो आणि पहिल्याला पाच मिनिटे खांदे मोकळे करता येतात. एकट्या वैमानिकाला ती पाच मिनिटे मिळत नाहीत. असे दिवसाला पाच-सहा तास आणि तीन महिन्यांहून अधिक काळ करायचे, तेही साठाव्या वर्षी, म्हणजे शारीरिक दृष्ट्या काय असेल याचा अंदाज बांधता येतो.

थकव्याहून मोठा प्रश्न निर्णयांचा असतो. समोर ढग खाली आले, मागे फिरण्याइतकेच इंधन उरले, खाली समुद्र आहे, अशा वेळी दोघे असतील तर एक जण यंत्र सांभाळतो आणि दुसरा विचार करतो. एकटीला दोन्ही कामे एकाच डोक्याने करावी लागतात.

आर-४४ हे कसले हेलिकॉप्टर आहे? एवढ्या प्रवासासाठी तेच का?

रॉबिन्सन ही कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथील कंपनी, आणि आर-४४ हे तिचे चार आसनी, पिस्टन इंजिनाचे, दोन पात्यांच्या रोटरचे हेलिकॉप्टर. त्याचे पहिले उड्डाण १९९० साली झाले. रोटरचा व्यास साधारण दहा मीटर, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि भरलेल्या अवस्थेतले कमाल वजन अकराशे किलोग्रॅमहूनही कमी, म्हणजे लहान मोटारीएवढे. टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरांच्या तुलनेत त्याची किंमत आणि देखभालीचा खर्च पुष्कळच कमी असल्यामुळे खाजगी वैमानिकांमध्ये ते झपाट्याने लोकप्रिय झाले. मरे यांच्याकडे आणि त्यांच्या प्रशिक्षकाकडे याच यंत्राचा अनुभव होता, ही त्यामागची सर्वांत समंजस बाजू.

अडचणीही तितक्याच होत्या. पहिली इंधनाची. पिस्टन इंजिनाला विमानांचे विशेष पेट्रोल, म्हणजे अॅव्हगॅस लागते. मोठी विमाने केरोसीन जातीच्या जेट इंधनावर चालत असल्याने जगातल्या असंख्य विमानतळांवर अॅव्हगॅस मिळतच नाही. तेव्हा पिंपे आधीच समुद्रमार्गे किंवा रस्त्याने पाठवून ठेवायची, ती वेळेवर पोहोचली का याची खात्री करायची, आणि भरताना त्यात पाणी किंवा गंज उतरला नाही ना हे स्वतः तपासायचे.

दुसरी अडचण कार्ब्युरेटरची, आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. त्या काळच्या आर-४४ मध्ये कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, होता. त्यातून जाताना हवेचा दाब कमी होतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान एकदम घसरते, इतके की बाहेर हवा उबदार पण दमट असली तरी आत बर्फ जमू शकतो. बर्फ वाढत गेला की इंजिनाला हवा कमी पडते. साध्या यंत्रात अशा वेळी इंजिनाचे फेरे कमी झालेले दिसतात आणि वैमानिक सावध होतो. आर-४४ मध्ये मात्र फेरे कायम राखणारा गव्हर्नर असतो, जो गुपचूप थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) अधिक उघडून ही घट भरून काढतो. परिणामी काटा जागेवरच राहतो आणि बिघाड उशिरा कळतो. म्हणून कार्ब्युरेटरच्या तापमानाचा एक वेगळा मापक असतो, त्यावर उणे १५ ते ५ अंश सेल्सिअस असा पिवळा पट्टा असतो, आणि काटा त्या पट्ट्याबाहेर राहील इतकी गरम हवा सोडत राहणे हे वैमानिकाचे काम असते. उत्तर अटलांटिकवरच्या दमट, थंड हवेतून जाताना या छोट्या काट्याकडे दर काही मिनिटांनी पाहणे हा चैनीचा विषय नसतो.

वाटेत समुद्रावर इंजिन बंद पडले तर काय करतात?

इंजिन बंद पडले म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखे खाली पडते, हा समज चुकीचा आहे. कलेक्टिव्ह ताबडतोब खाली केला तर खालून वर येणारी हवा रोटर फिरवत ठेवते आणि त्या फेऱ्यांत साठलेली ऊर्जा शेवटच्या काही सेकंदांत वापरून हलकेच उतरता येते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. आर-४४ सारख्या हलक्या रोटरच्या यंत्रात मात्र कलेक्टिव्ह खाली करायला एक-दोन सेकंदांचीच मुभा असते. शिवाय पंधराशे फुटांच्या उंचीवरून जेमतेम दोन किलोमीटर अंतर कापता येते, त्यामुळे अथांग पाण्यावर उतरण्याची जागा निवडण्याचा प्रश्न उरत नाही. पाण्यावर उतरल्यावर यंत्र, रोटरचे वजन वर असल्याने, बहुधा उलटते. म्हणून समुद्र ओलांडताना सर्व्हायव्हल सूट, तराफा आणि आणीबाणीचा संदेश देणारे बीकन ही सामग्री अपरिहार्य असते.

हा धोका पुस्तकी नव्हता. मरे यांचे १९९७ सालचे सहवैमानिक क्वेंटिन स्मिथ आणि त्यांचे साथीदार स्टीव्ह ब्रूक्स यांचे आर-४४ जानेवारी २००३ मध्ये अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या समुद्रात कोसळले. तराफ्यावर कित्येक तास काढल्यानंतर दोघांचीही सुटका झाली.

२००० सालच्या मोहिमेत सोबत मायक्रोलाइट होते, हे खरे का?

होय. कॉलिन बोडिल हे मायक्रोलाइटमधून, म्हणजे लवचिक पंखांच्या, उघड्या बैठकीच्या अतिहलक्या विमानातून, त्याच वाटेने, त्याच ९९ दिवसांत पृथ्वीला फेरी घालून आले, आणि मायक्रोलाइटमधून एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले म्हणून त्यांचीही नोंद झाली. सोबत असली तरी दोघेही आपापल्या यंत्रात एकटेच होते, त्यामुळे ‘एकटीने’ या शब्दाला बाधा येत नाही. मायक्रोलाइटचा वेग हेलिकॉप्टरहून पुष्कळ कमी असतो, हे लक्षात घेतले म्हणजे मरे यांच्या ९९ दिवसांकडे वेगाची मोहीम म्हणून पाहणे चूक आहे हेही समजते.

२००३ साली अंटार्क्टिकामध्ये काय घडले?

ऑक्टोबर २००३ मध्ये मरे आणि बोडिल न्यूयॉर्कहून बेल ४०७ घेऊन निघाले. दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीप्रदक्षिणा हा त्यांचा उद्देश होता. अमेरिका खंडाचा उत्तर-दक्षिण पट्टा पार करून ते अंटार्क्टिकावर पोहोचले, आणि डिसेंबरमध्ये तेथे हेलिकॉप्टर कोसळले.

कारण होते व्हाइटआउट. खाली अखंड बर्फ, वर सारख्याच पांढऱ्या रंगाचा ढग आणि दोहोंमध्ये विखुरलेला प्रकाश असला की क्षितिज नाहीसे होते, सावल्या पडत नाहीत, आणि जमीन दहा फुटांवर आहे की हजार फुटांवर हे डोळ्यांना कळत नाही. वैमानिक आपण सरळ जात आहोत असे समजत असताना यंत्र खाली उतरत असू शकते. विमानाला अशा वेळी केवळ उपकरणांवर विसंबून वर चढता येते. हेलिकॉप्टरला कमी उंचीवर, बर्फ साचण्याच्या भीतीने ढगात शिरणे टाळत जावे लागते, आणि त्यामुळे ते या सापळ्यात अधिक सहज अडकते. आजूबाजूला एखादा खडक, झाड किंवा इमारत असती तर नजरेला आधार मिळाला असता, पण अंटार्क्टिकाच्या पठारावर असा आधार शेकडो किलोमीटर नसतो.

बोडिल यांच्या पाठीच्या मणक्याला गंभीर इजा झाली आणि मरे यांचा कोपर निखळला. हेलिकॉप्टर निकामी झाले. पाठ मोडलेल्या अवस्थेत बोडिल यांनी तंबू उभारून मरे यांना निवाऱ्यात आणले आणि काही तासांत बचाव विमान पोहोचले. अशा ठिकाणी काही तास म्हणजे नशीबच. हवामान बिघडलेले राहिले असते तर विमान उतरायला दिवस लागले असते.

मला या घटनेचे महत्त्व धाडसापेक्षा तयारीच्या दृष्टीने अधिक वाटते. दोघेही वाचले ते तंबू, उबदार कपडे आणि बीकन ही सामग्री हाताशी असल्यामुळे. बीकन नसते तर कोसळलेले यंत्र त्या पांढऱ्या पसाऱ्यात वरून शोधणे जवळजवळ अशक्य होते.

त्यांचे पतीही त्याच वेळी अंटार्क्टिकावर होते का?

होय. सायमन मरे तरुणपणी फ्रेंच परदेशी पलटणीत (फॉरिन लीजन) होते आणि पुढे हाँगकाँगमधल्या एका मोठ्या उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. ते त्याच मोसमात ध्रुवीय प्रवासी पेन हॅडो यांच्यासोबत स्लेज ओढत, बाहेरची मदत न घेता, पायी दक्षिण ध्रुवाकडे निघाले होते. पत्नीच्या अपघातानंतरही त्यांनी चाल सुरू ठेवली आणि जानेवारी २००४ अखेर, वयाच्या ६३व्या वर्षी, ते ध्रुवावर पोहोचले. वृत्तपत्रांना हे दांपत्य का आवडले, हे वेगळे सांगायला नको.

अपघातानंतर पुन्हा तीच मोहीम? आणि तिला १७० दिवस का लागले?

तीन वर्षांनी, त्याच जातीच्या हेलिकॉप्टरने आणि त्याच साथीदारासह. या वेळी सुरुवात बेल कंपनीच्या फोर्ट वर्थ या गावातूनच झाली.

१७० दिवसांचा आकडा पाहून ही मोहीम मंद गतीची होती असे पुष्कळांना वाटते, पण हा काळ ऋतूंनी ठरवलेला होता. दक्षिण ध्रुवावर जाण्यायोग्य दिवस डिसेंबर आणि जानेवारीत असतात, कारण तेव्हा तिथे उन्हाळा असतो. उत्तर ध्रुवाच्या बाबतीत साधारण एप्रिल हा योग्य काळ, कारण त्याआधी अंधार आणि कडाक्याची थंडी असते, तर त्यानंतर समुद्रावरचा बर्फ तडकू लागतो आणि धुके दाटते. म्हणजे दोन ध्रुवांमध्ये तीन-साडेतीन महिन्यांचे अंतर निसर्गानेच ठेवलेले आहे. डिसेंबरच्या आरंभी निघून मे महिन्याच्या अखेरीस परतणे हे वेळापत्रक कितीही वेगवान यंत्राला जवळपास असेच आखावे लागले असते.

दोन्ही ध्रुवांच्या अडचणी सारख्या नाहीत. दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते, रोटरला उचल कमी मिळते, आणि इंजिनाची ताकदही घटते. तळापासून ध्रुवापर्यंतचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक असल्याने मध्ये इंधनाचे साठे आधीच विमानाने नेऊन ठेवावे लागतात. उत्तर ध्रुव मात्र समुद्राच्या पातळीवरच आहे. तिथे हवेची उचल भरपूर मिळते, पण खाली जमीन नाही, सरकता बर्फ आहे. बर्फावर ठेवलेला इंधनाचा साठा दुसऱ्या दिवशी ठेवला होता तिथेच असेल याची शाश्वती नसते.

यंत्र बदलण्याचे कारणही येथेच सापडते. बेल ४०७ ला टर्बाइन इंजिन आणि चार पात्यांचा रोटर असतो, त्याची ताकद आर-४४ च्या सुमारे तिपटीची असते, आणि ते जेट इंधनावर चालत असल्याने दुर्गम तळांवर इंधन मिळणे सोपे जाते. टर्बाइनला कार्ब्युरेटर नसल्याने वर वर्णन केलेला बर्फाचा प्रश्नही राहत नाही. मात्र जेट इंधनाचीही मर्यादा असते. जेट ए या प्रकाराचा गोठणबिंदू उणे ४० अंशांवर आणि जेट ए-१ चा उणे ४७ अंशांवर असतो, त्यामुळे ध्रुवीय प्रदेशात कोणते इंधन भरले आहे हे वैमानिकाला माहीत असावेच लागते.

हे विक्रम कोण ठरवते?

दोन वेगळ्या संस्था आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. हवाई क्रीडांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ज्याची स्थापना १९०५ साली झाली, तो उड्डाणाचे विक्रम कडक नियमांनुसार नोंदवतो. पृथ्वीप्रदक्षिणेच्या वेगाच्या विक्रमासाठी सर्व रेखावृत्ते ओलांडून सुरुवातीच्या ठिकाणी परत येणे आणि एकूण अंतर कर्कवृत्ताच्या लांबीपेक्षा, म्हणजे ३६,७८७.५५९ किलोमीटरपेक्षा कमी नसणे या त्याच्या अटी आहेत. दुसरीकडे गिनेस ही विक्रमांची सर्वसाधारण नोंद ठेवणारी संस्था असून ‘पहिली स्त्री’, ‘पहिल्यांदा एकटीने’ अशा नोंदी तिच्याकडे सापडतात. त्यामुळे ‘विश्वविक्रम’ असा मोघम शब्द वाचला की तो कोणाच्या वहीतला आणि कोणत्या अटींवरचा, हे विचारावे.

त्यांच्याआधी स्त्रिया हेलिकॉप्टर चालवत नव्हत्या का?

चालवत होत्या, आणि फार आधीपासून. जर्मनीच्या हाना राइट्श यांनी १९३८ साली बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात प्रेक्षकांसमोर फोके-वुल्फ ६१ हे हेलिकॉप्टर उडवून दाखवले. तो नाझी राजवटीच्या प्रचाराचा भाग होता, हे त्या कौशल्याचा उल्लेख करताना विसरता येत नाही. फ्रान्सच्या व्हॅलेरी आंद्रे यांचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. त्या शस्त्रक्रियातज्ज्ञ होत्या, पन्नासच्या दशकात इंडोचायनातील युद्धात स्वतः हेलिकॉप्टर चालवून जखमींना आणत आणि मग त्यांच्यावर शस्त्रक्रियाही करत. १९७६ साली त्या फ्रान्सच्या सैन्यदलांतील पहिल्या स्त्री जनरल झाल्या. १९५५ साली अमेरिकेत जीन रॉस हॉवर्ड यांनी स्त्री हेलिकॉप्टर वैमानिकांची ‘व्हर्ली गर्ल्स’ ही संघटना स्थापली, तेव्हा जगभरातून तिच्या संस्थापक सदस्या अवघ्या तेरा होत्या.

या मोहिमांतून निधी उभारला गेला का?

होय, १९९७ सालच्या उड्डाणातून ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेसाठी निधी जमवला गेला, आणि पुढच्या मोहिमांनाही समाजकार्याची जोड होती.

पन्नाशीनंतर खरेच हेलिकॉप्टर शिकता येते का?

खाजगी परवान्यासाठी कायद्यात कमाल वयाची अट नसते, वैद्यकीय तपासणीची असते. आजच्या युरोपीय नियमांनुसार खाजगी वैमानिकाला लागणारे द्वितीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र पन्नाशीनंतर दर वर्षी नव्याने घ्यावे लागते. खाजगी हेलिकॉप्टर परवान्यासाठी किमान ४५ तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी किमान २५ तास प्रशिक्षकासोबत आणि १० तास एकट्याने, तर एकट्याच्या तासांत किमान १८५ किलोमीटरचा एक प्रवास. ही किमान मर्यादा आहे आणि बहुतेकांना याहून अधिक तास लागतात, मग ते कोणत्याही वयाचे असोत. शिवाय युरोपात प्रत्येक जातीच्या हेलिकॉप्टरसाठी वेगळे प्रशिक्षण आणि परीक्षा असते, त्यामुळे आर-४४ चालवणाऱ्याला त्याच परवान्यावर थेट बेल ४०७ मध्ये बसता येत नाही. अमेरिकेत तर रॉबिन्सनच्या आर-२२ आणि आर-४४ या दोन यंत्रांसाठी १९९५ सालापासून विशेष नियम लागू आहेत, ज्यांत रोटरचे फेरे घटणे आणि हवेत यंत्र अचानक हलके पडणे या दोन धोक्यांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. शिकण्याचा विचार करणाऱ्यांनी प्रशिक्षणसंस्था निवडताना या दोन विषयांना तेथे किती तास दिले जातात, हे आधी विचारावे.